धरमपेठेखालचा दगड आणि अन्यत्रचा जीव

विश्वात पृथ्वीखेरीज अन्यत्र जीव असण्याचा संभव किती, हा प्रश्न वरवर एकच दिसत असला तरी त्याच्या पोटात निदान तीन निराळे प्रश्न आहेत. निर्जीव द्रव्यापासून जीव उत्पन्न होणे कितपत सोपे आहे, हा पहिला; एकदा उत्पन्न झालेला जीव प्रतिकूल परिस्थितीत किती चिवटपणे आणि किती काळ तग धरतो, हा दुसरा; आणि एका गोलावरचा जीव अवकाश ओलांडून दुसऱ्या गोलावर जाऊन रुजू शकतो काय, हा तिसरा. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की चर्चा भरकटते, आणि गेल्या दोनशे वर्षांत ती पुष्कळदा तशी भरकटलेलीही आहे. नागपूरच्या धरमपेठ या वस्तीचे नाव या चर्चेच्या इतिहासात सहसा कोणी घेत नाही. परंतु धरमपेठ ज्या दगडावर उभी आहे तो दगड, तिच्या उत्तरेकडील टाकळीचा परिसर, त्याच जिल्ह्यातील काटोल आणि वऱ्हाडातील लोणार ही स्थळे एका सूत्रात ओवून पाहिली, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांचा बराचसा इतिहास विदर्भाच्या भूमीवरच वाचता येतो. पहिल्या प्रश्नाविषयी मात्र ही भूमी मौन पाळते, आणि तिचे हे मौन संभवाचे आकडे मांडणाऱ्यांनी जितके मनावर घ्यावयास हवे होते तितके घेतलेले नाही.

नागपूर शहर दोन भूशास्त्रीय प्रदेशांच्या शिवेवर वसलेले आहे. शहराच्या पूर्वेकडे फार जुने, रूपांतरित झालेले खडक आणि गोंडवन काळातील वालुकाश्म आढळतात, तर पश्चिमेकडे दख्खनच्या काळ्या पत्थराचा, म्हणजे बेसाल्टचा, प्रदेश सुरू होतो. बेसाल्ट हा पृथ्वीच्या पोटातून भेगांवाटे वर आलेला लाव्हा थिजून बनलेला खडक होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असा लाव्हा पुनःपुन्हा वाहून त्याचे थरावर थर साचले आणि त्यांतून महाराष्ट्राच्या बहुतेक भागाची घडण झाली. धरमपेठ, अंबाझरी आणि सेमिनरी हिल्स हा सारा भाग या विस्ताराच्या अगदी पूर्व कडेला येतो. मुंबईजवळच्या सह्याद्रीत हजार मीटरहून अधिक जाडीचा असलेला हा पत्थर येथे पातळ होत संपत आलेला असल्यामुळे, लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये सापडलेला गाळ येथे उघड्यावर दिसतो. एक लाव्हा वाहून थंडावल्यानंतर पुढचा लाव्हा येईपर्यंत हजारो वर्षे जात. त्या मधल्या काळात खोलगट जागी पाणी साचून तळी होत, तळ्यांत गाळ बसे, आणि मग पुढच्या लाव्हाखाली तो गाळ कायमचा झाकला जाई. अशा गाळाच्या थरांना भूशास्त्रात लाव्हांतर्गत थर म्हणता येईल. जुन्या तळ्यांची ती बंद पेटीच होय.

ही पेटी नागपुरात प्रथम उघडली ती स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी. हिस्लॉप यांचा जन्म १८१७ सालचा. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने त्यांना पाठवले आणि १८४५ साली ते नागपुरास पोहोचले. पुढील वर्षी त्यांनी शाळा काढली, आणि तिच्याच परंपरेतून १८८३ साली त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले. धर्मप्रसाराच्या कामातून सवड काढून हे दोघे नागपूरच्या परिसरातील टेकड्या आणि ओढे पालथे घालीत. टाकळी येथील लाव्हांतर्गत थरांत त्यांना गोड्या पाण्यातील शंख, माशांचे खवले, वनस्पतींची फळे व बिया आणि कीटकांचे कठीण पंख असा जीवाश्मांचा, म्हणजे दगडात रूपांतरित झालेल्या जीवावशेषांचा, विलक्षण श्रीमंत साठा मिळाला. त्यांत फायसा या जातीच्या शंखाचे नमुने विपुल होते. बहुतेक शंखांचे वेटोळे उजवीकडे वळते, याचे डावीकडे वळते, त्यामुळे हा डावखुरा शंख चटकन ओळखू येतो. या सर्व सामग्रीवर आधारलेला नागपूर परिसराच्या भूस्तराविषयीचा त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ साली प्रसिद्ध झाला. हे थर त्यांना वाटले त्यापेक्षा बरेच जुने आहेत, हे पुढे सिद्ध झाले असले तरी त्यांनी जमवलेले नमुने आजही संदर्भासाठी वापरले जातात. १८६३ साली टाकळघाटच्या बाजूची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतत असता नदी ओलांडताना हिस्लॉप बुडून मरण पावले, तेव्हा त्यांचे वय शेहेचाळीसच्या आतच होते.

या निबंधाचा विषय परग्रह नव्हता, परंतु तो ज्या वर्षांत लिहिला गेला ती वर्षे परग्रहांच्या वादाने गाजत होती, आणि त्या वादाशी फ्री चर्चचा संबंध जुना होता. या चर्चचे पहिले अध्यक्ष थॉमस चाल्मर्स यांनी ग्लासगो येथे खगोलशास्त्रावर दिलेली प्रवचने १८१७ साली, म्हणजे हिस्लॉप यांच्या जन्मवर्षीच, पुस्तकरूपाने निघाली होती. ताऱ्यांभोवती इतर जगे आहेत आणि तेथे वस्ती असणे ईश्वराच्या थोरवीला शोभणारेच आहे, असा त्यांचा सूर होता. या मताला १८५३ साली मोठा धक्का बसला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख विल्यम ह्यूएल यांनी अनेक जगांच्या कल्पनेविरुद्ध एक पुस्तक निनावी प्रसिद्ध केले, आणि त्यात आपला मुख्य आधार दुर्बिणीऐवजी भूशास्त्रातून घेतला. त्यांचा युक्तिवाद असा होता की, पृथ्वीचा इतिहास अतिप्रचंड लांबीचा असून मनुष्य त्याच्या अगदी शेवटच्या कणभर अंशात अवतरला आहे; जर कालाचा एवढा विस्तार बुद्धिमान प्राण्यावाचून रिता जाऊ शकतो, तर अवकाशाचा तेवढाच विस्तार तसाच रिता का असू नये? स्कॉटिश पदार्थवैज्ञानिक डेव्हिड ब्रूस्टर यांनी पुढच्याच वर्षी त्यांना त्वेषाने उत्तर दिले. तिसऱ्या रघुजी भोसल्यांचा मृत्यू आणि नागपूरचे राज्य खालसा होणे या घटनाही नेमक्या याच दोन वर्षांतल्या. एका बाजूला नागपूरची सत्ता बदलत होती, दुसऱ्या बाजूला टाकळीच्या खाणीत हिस्लॉप व हंटर पृथ्वीच्या इतिहासाची पाने सोडवीत होते, आणि इंग्लंडात त्याच प्रकारच्या पानांवरून विश्वातील एकाकीपणाचे अनुमान काढले जात होते.

ह्यूएल यांचा युक्तिवाद आज पुन्हा तपासण्यासारखा आहे, कारण त्यांच्यापाशी नसलेले आकडे आता उपलब्ध झाले आहेत. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. जीवाचे भक्कम पुरावे निदान ३५० कोटी वर्षांइतके मागे जातात. पेशीच्या आत स्वतंत्र केंद्रक असलेले जीव त्यानंतर दीड-पावणेदोन अब्ज वर्षांनी दिसू लागतात. प्राण्यांचा काळ गेल्या साठेक कोटी वर्षांचा आणि मनुष्यजातीचा अवघा तीन लाख वर्षांचा. म्हणजे पृथ्वीच्या आयुष्याचा सुमारे पंधरा हजारावा अंश तेवढा माणसाच्या वाट्याला आला. एखाद्या परक्या प्रवाशाने पृथ्वीला कोणत्याही एका क्षणी भेट दिली असती, तर त्याला बहुधा सूक्ष्मजीवांखेरीज काही भेटले नसते. बुद्धिमान जीवांपुरते पाहिले तर ह्यूएल यांचे अनुमान त्यामुळे अधिकच बळकट होते. सूक्ष्मजीवांच्या बाबतीत मात्र तोच हिशेब उलट फिरतो, कारण ग्रह थोडा निवताच जीव दिसू लागतो आणि मग तो कधीच पुरता नाहीसा होत नाही. टाकळीच्या थरांचे महत्त्व येथे कळते. डायनोसॉरांसह जीवजातींचा मोठा संहार झाला त्याच सुमारास, भूभागच्या भूभाग तप्त लाव्हाखाली गाडला जात असताना, दोन लाव्हांच्या मधल्या उसंतीत तळी भरली, शेवाळे आले, गोगलगायी आल्या, मासे आले, काठावर झाडे फळली. पुढच्या लाव्हाने ते सारे मिटवले आणि नंतरच्या उसंतीत तो क्रम पुन्हा सुरू झाला. जीव एकदा ग्रहावर रुजला की त्याला उखडणे किती कठीण आहे, याचा याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल. परंतु हा जीव शेजारच्या न गाडलेल्या भूमीवरून आला होता, राखेतून नव्याने निपजला नव्हता, हे विसरता कामा नये.

याच काळ्या पत्थरात, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून दीडशे मीटर खोल असे वर्तुळाकार विवर आहे. त्याच्या तळाशी खारट आणि अतिशय अल्कधर्मी, म्हणजे सोड्यासारख्या गुणाचे, पाणी साचलेले आहे, तर काठावरून बारमाही वाहणारी गोड्या पाण्याची धार अगदी जवळच पडते. विज्ञानाचे लक्ष या स्थळाकडे जाण्यापूर्वी कित्येक शतके ते व्यापाराचे आणि तीर्थयात्रेचे ठिकाण होते. अकबराच्या काळच्या ऐन-ए-अकबरीत येथे काच आणि साबण यांना लागणारी द्रव्ये मिळतात अशी नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की काठावर आणि तळाशी क्षारांचे थर धरत, आणि ते काढणारे लोक त्यांच्या रूपावरून व प्रतीवरून दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे देऊन त्यांची प्रतवारी करीत. साबण, बांगड्यांची काच, कापडाची धुलाई व रंगाई यांच्यासाठी हा खार दूरवर जाई, आणि पापडखार म्हणून तो स्वयंपाकघरातही शिरे. जलरसायनाचे कोणतेही उपकरण हाती नसता केवळ चव, स्पर्श आणि स्फटिकाचे रूप यांवरून एकाच सरोवरातील निरनिराळे क्षार वेगळे ओळखणे, ही त्या कामगारांची विद्या होती. रासायनिक पृथक्करण करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी पुढे ही देशी नावेच आपल्या अहवालांत जशीच्या तशी घेतली.

विवराची उत्पत्ती हा मोठा वादविषय होता. स्थलपुराणात लवणासुराची कथा आहे: हा दैत्य भूमीखाली दडून बसला होता आणि विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपाने त्याच्या बिळावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने दूर उडवून त्याचा वध केला. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केल्यानंतर भूशास्त्रज्ञांनी बेसाल्टचा प्रदेश पाहून साहजिकच ज्वालामुखीचा कयास बांधला, म्हणजे खालून वाफेच्या किंवा वायूच्या स्फोटाने भूमी उडाली किंवा खचली असे मानले. गंमत अशी की पुराणकाराचा आणि या भूशास्त्रज्ञांचा कौल एकच होता. विवराचे मूळ भूमीखाली दडलेले आहे, असेच दोघांना वाटले. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी विवराच्या तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या नमुन्यांची तपासणी सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध केली, तेव्हा हा प्रश्न निकालात निघाला. नमुन्यांत मास्केलिनाइट सापडले होते. मास्केलिनाइट म्हणजे बेसाल्टमधील फेल्डस्पार या खनिजावर अतिप्रचंड दाबाचा तडाखा एका क्षणात बसून, ते न वितळताच, त्याचे काचेसारखे झालेले रूप. ज्वालामुखी असा दाब देऊ शकत नाही, आकाशातून येणारा पाषाणच देऊ शकतो. विवराच्या वयाविषयी मात्र अजून एकमत नाही: एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर खडकातील आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून काढलेले वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे.

मास्केलिनाइटचा स्वतःचा इतिहास या प्रकरणाला अनपेक्षित वळण देतो. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी येथे एक अशनी, म्हणजे आकाशातून भूमीवर पडलेला पाषाण, कोसळला होता. त्याचा अभ्यास करताना ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव चेरमाक यांना १८७२ साली त्यात हे काचसदृश द्रव्य आढळले आणि त्यांनी त्याला ब्रिटिश खनिजशास्त्रज्ञ मास्केलिन यांचे नाव दिले. शंभराहून अधिक वर्षांनी, विसाव्या शतकाच्या अखेरीस, शेरघाटीचा हा पाषाण मंगळावरचा असल्याचे निश्चित झाले. त्या जातीच्या अशनींना आज जगभर शेरगोटाइट म्हणतात. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचाच आहे. ज्या तडाख्याने मंगळावरचा खडक उडून बिहारात आला आणि ज्या तडाख्याने लोणारचे विवर कोरले गेले, त्या दोन्ही तडाख्यांची खूण एकाच खनिजात उमटलेली आहे. त्यामुळे बेसाल्टमधील आघातविवर, त्यात साचलेले पाणी आणि पाण्यात विरघळलेले क्षार असा मंगळावरील प्राचीन सरोवरांचा नमुना पृथ्वीवर कोठे पाहावयाचा असेल, तर लोणारचे नाव प्रथम घेतले जाते. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी नासाची पर्सिव्हिअरन्स ही गाडी मंगळावरील ज्या जेझेरो विवरात उतरली, तेही पूर्वी पाण्याने भरलेले आघातविवरच होते.

लोणारच्या पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्क मोजण्याचा अंक, दहाच्या आसपास किंवा त्याहूनही वर असतो. मासे त्यात तगत नाहीत. तरीही ते पाणी जीवाने गच्च भरलेले आहे. हिरवट-निळ्या शेवाळसदृश जीवाणूंमुळे ते बहुधा हिरवे दिसते, आणि तळाच्या गाळात मिथेन वायू व तत्सम संयुगांवर जगणाऱ्या जीवाणूंच्या वसाहती आहेत, हे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले. जून २०२० मध्ये सरोवर अचानक गुलाबी झाले, तेव्हा लोणारच्या संवर्धनाची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालू होती, आणि रंगबदलाचे कारण शोधणे हा न्यायालयीन विषय झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीनुसार हा रंग हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा होता. आर्किया हा जीवाणूंहून वेगळा असा एकपेशीय जीवांचा प्राचीन वंश असून हॅलोआर्किया ही त्याची तीव्र खारेपणात वाढणारी शाखा आहे. उन्हाळ्यात पाणी आटून क्षारांचे प्रमाण वाढले की त्यांची संख्या फोफावते, आणि त्यांच्यातील गुलाबी रंजकद्रव्य पाण्याला रंग देते. प्रयोगशाळेत आणलेले पाणी स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी पुन्हा स्वच्छ झाले. खंडपीठाचे ठिकाण सिव्हिल लाइन्स, म्हणजे धरमपेठेला लागूनच. मंगळासारख्या परिस्थितीतील सूक्ष्मजीवांचा अहवाल कायद्याच्या कागदपत्रांत दाखल होण्याचा हा प्रसंग जगात दुर्मीळच म्हणावा लागेल.

तथापि लोणारवरून मंगळाविषयी जे उत्साही निष्कर्ष वर्तमानपत्रांतून काढले जातात, त्यांना वेसण घालणे आवश्यक आहे. लोणारचे सूक्ष्मजीव तेथे निपजलेले नाहीत. आघातानंतर थंड झालेल्या विवरात ते पावसाने, झऱ्यांनी, वाऱ्याने आणि पक्ष्यांच्या पायांनी भोवतालच्या भूमीवरून आले आणि कालांतराने त्या पाण्याला सरावले. टाकळीच्या तळ्यांप्रमाणेच लोणारही तगण्याविषयी बोलते, उगमाविषयी बोलत नाही.

उगमाच्या प्रश्नाच्या जवळ जाणारी वस्तू नागपूर जिल्ह्यात पडली ती २२ मे २०१२ रोजी. त्या दिवशी दुपारी मोठे आवाज होऊन काटोल आणि आसपासच्या भागात अशनीचे अनेक तुकडे कोसळले, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या नागपूर येथील शास्त्रज्ञांनी ते गोळा करून अभ्यासले. काटोलचा अशनी एल-६ वर्गाचा कॉन्ड्राइट आहे. कॉन्ड्राइट म्हणजे सूर्यमाला घडत असताना, सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, थिजलेल्या बारीक गोलकांचा पाषाण. ‘एल’ हे अक्षर त्यातील लोहाचे कमी प्रमाण सांगते आणि ‘६’ हा अंक तो आपल्या मूळ लघुग्रहाच्या पोटात किती तापला होता ते सांगतो. ६ म्हणजे खूपच. अशा उष्णतेत जीवाला लागणारी कार्बनी संयुगे टिकत नाहीत. म्हणून काटोलच्या दगडाने जीवाविषयी काही सांगितले नाही. मात्र २०२१ साली त्यात ब्रिजमनाइट हे पृथ्वीच्या अंतरंगात सर्वाधिक प्रमाणात असलेले आणि पृष्ठभागावर जवळजवळ न सापडणारे खनिज मिळाले, आणि काटोलचे नाव खनिजशास्त्रात पोहोचले. काटोलला आकाशातून दगड आला, तर उलट दिशेने, त्याच २०१२ सालच्या ऑगस्टात, व्हॉयेजर-१ हे यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. त्याच्यावर बसवलेल्या ध्वनिमुद्रिकेत ५५ भाषांतील अभिवादनांमध्ये मराठी अभिवादन आहे आणि केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवीही आहे. यान सुटले ५ सप्टेंबर १९७७ रोजी, आणि केसरबाईंचे निधन झाले त्यानंतर अकरा दिवसांनी. आकाशातून पडणारे सर्वच काही विश्वाचा निरोप घेऊन येत नाही, हेही विदर्भाने अनुभवले आहे: २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशातून सरकत गेलेल्या तेजस्वी रेषांना नागपुरात अनेकांनी उल्का मानले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात सापडले ते अग्निबाणाचे धातूचे कडे.

काटोलने जे सांगितले नाही ते इतर पाषाणांनी सांगितले. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या कार्बनयुक्त अशनीत सत्तरांहून अधिक अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांची घटकद्रव्ये ज्या कुळातली आहेत ती संयुगे, सापडली. त्याही पुढची पायरी म्हणजे बेन्नू या लघुग्रहावरून यानाने थेट आणलेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर उतरवलेली १२१.६ ग्रॅम माती. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पृथक्करणात सजीवांच्या प्रथिनांतील वीसपैकी चौदा अमिनो आम्ले आणि आनुवंशिक रेणूंतील पाचही नायट्रोजनयुक्त घटकसंयुगे मिळाली. परंतु अमिनो आम्लांची डावी आणि उजवी रूपे जवळपास सारख्याच प्रमाणात होती, आणि पृथ्वीवरचा जीव तर जवळजवळ केवळ डावीच वापरतो. साहित्य होते, जीवाची निवड नव्हती. त्याच मातीत खाऱ्या पाण्याचे तळे आटून मागे राहिलेले क्षारही सापडले, आणि त्यांत ट्रोना होता. ट्रोना हा सोडियमचा कार्बोनेट क्षार, म्हणजे लोणारच्या खारातला मुख्य घटक, जो तेथील लोक चैत्र-वैशाखात काठावरून खरवडून बाजारात पाठवीत. सूर्यमालेच्या आरंभी एखाद्या लहान गोलाच्या पोटात लोणारसारखे पाणी होते, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

तिसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे जीवाच्या अवकाशप्रवासाचा, शोध महाराष्ट्रातील एका वैज्ञानिकाने आकाशात यंत्र पाठवून घेतला. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांचा जन्म कोल्हापूरचा. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांचे शिष्य, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक आणि पुण्याच्या आयुका या संस्थेचे संस्थापक संचालक असा त्यांचा प्रवास झाला. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी पाठवलेली पहिली विज्ञानकथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने लिहिलेली होती. नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने त्यांची स्वतःचीच. पुढे ‘यक्षांची देणगी’ आणि ‘प्रेषित’ यांसारख्या पुस्तकांतून परग्रहावरील बुद्धिमान जीवांचा विषय मराठी घरांत पोहोचवण्याचे काम त्यांनी जेवढे केले तेवढे अन्य कोणी केले नाही. वैज्ञानिक म्हणून मात्र ते बुद्धिमान जीवांच्या गणितात फार रमले नाहीत. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६१ साली मांडलेल्या समीकरणात आकाशगंगेतील संपर्कक्षम संस्कृतींची संख्या सात घटकांचा गुणाकार म्हणून दिली जाते. तारे किती जन्मतात, त्यांतील किती जणांना ग्रह असतात, हे पहिले घटक आज बऱ्यापैकी कळले आहेत, कारण परताऱ्यांभोवतालचे सहा हजारांहून अधिक ग्रह नोंदले गेले आहेत. जीव उत्पन्न होण्याचा घटक मात्र १९६१ इतकाच आजही रिकामा आहे. एकाच उदाहरणावरून प्रमाण काढता येत नाही, आणि गुणाकारातला एक घटक अज्ञात असला की बाकीच्यांची अचूकता व्यर्थ ठरते.

हॉइल आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांनी १९७० च्या दशकापासून पॅनस्पर्मियाचा, म्हणजे जीवाची बीजे अवकाशभर पसरलेली असून धूमकेतूंच्या द्वारे ती ग्रहांवर येऊन रुजतात या मताचा, जोरदार पुरस्कार चालवला होता. बहुसंख्य जीवशास्त्रज्ञांनी तो नाकारला. नारळीकरांचे वैशिष्ट्य असे की वादात भर घालण्याऐवजी त्यांनी तो कसोटीला लावण्याची रीत सुचवली: बीजे वरून येत असतील तर वातावरणाच्या वरच्या थरांत, जेथे पृथ्वीवरची धूळ सहसा पोहोचत नाही, तेथे ती सापडली पाहिजेत. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या (इस्रोच्या) पाठबळाने जानेवारी २००१ मध्ये हैदराबादच्या बलून केंद्रावरून पहिले उड्डाण झाले, आणि ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेत जिवंत पेशींचे पुंजके आढळल्याचे त्या वर्षी जाहीर करण्यात आले. नमुने पृथ्वीवरच दूषित झाले असावेत, हा आक्षेप अपेक्षित होताच.

दुसरे उड्डाण २० एप्रिल २००५ रोजी अधिक काटेकोरपणे झाले. फुग्याखाली ४५९ किलोग्रॅमचा भार होता आणि त्यात निर्जंतुक करून हवा पूर्ण काढून टाकलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या; निऑनच्या शून्याखाली सुमारे २४६ अंश थंडीमुळे, ठरलेल्या उंचीवर नळीचे तोंड उघडताच बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठत असे. २० ते ४१ किलोमीटर या टप्प्यांत भरलेल्या या नळ्या हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात स्वतंत्रपणे तपासल्या गेल्या. लोणारच्या गाळाचा अभ्यास करणारे शौचे याही कामात होते. एकूण बारा जीवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती वाढल्या. त्यांतील नऊ जीवाणू ज्ञात जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक मिळतेजुळते निघाले आणि तीन नव्या जाती ठरल्या. त्यांची नावे हॉइल यांच्यावरून जॅनिबॅक्टर हॉयलेई, इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि आर्यभटांवरून बॅसिलस आर्यभट्टाई अशी ठेवण्यात आली, व मार्च २००९ मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला. त्या वेळच्या निवेदनात हे जीव पृथ्वीबाहेरून आल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे स्पष्ट म्हटले होते. बातम्यांच्या मथळ्यांनी तेवढे वाक्य बहुधा गाळले.

तिन्ही जीवांचे आनुवंशिक द्रव्य, त्यांची प्रथिने आणि त्यांचे कूळ पृथ्वीवरील जीवांच्या वंशवृक्षातच बसते. त्यामुळे एक तर हे जीव वादळांनी, ज्वालामुखींनी किंवा अन्य मार्गाने खालूनच वर गेले, किंवा पृथ्वीवरचा सारा जीवच मुळात बाहेरचा असल्याने वरचे आणि खालचे सारखे दिसतात. पहिले अनुमान साधे आहे आणि दुसरे या प्रयोगाने खोडता येत नाही. पण तेवढ्यावरून नारळीकरांचा प्रयोग अपुरा ठरत नाही. कल्पनेला कसोटी लावण्याची वाट त्यांनी महाराष्ट्रातल्या आणि भारतातल्या संस्थांना दाखवली, आणि निकाल आपल्या आवडत्या मताच्या बाजूने झुकवला नाही, हे त्यांचे श्रेय त्यांच्या कथांइतकेच मोठे मानावयास हवे.

त्या तीन नव्या जीवाणूंपैकी बॅसिलस आर्यभट्टाई पुढे अनेक देशांतील शेतजमिनींत आढळला. सोयाबीनच्या मुळांभोवतालच्या मातीतून वेगळे केलेले त्याचे वाण, मध्य भारताच्या काळ्या जमिनीत सोयाबीन आणि गहू या पिकांना जस्त मिळवून देण्यासाठी वापरता येतात, असे इंदूरच्या सोयाबीन संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. ही काळी जमीन मुख्यतः दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन बनलेली आहे, म्हणजे धरमपेठेखाली आहे त्याच दगडाची.